मध्ये आलेली म्हैस हाकलू नका

कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी येतात. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ दूध तिथंच पेल्यात द्यायचं, ही तिथली जुनी रीत. धार काढून पेला पुढं करणाऱ्या एका मालकाचा फोटो मला हवा होता. वर उचललेला पेला, त्यावरचा फेस, मागं दुकानांचे दिवे, असं सगळं मनात ठरवून मी पाऊण तास उभा होतो. खटक्यावर बोट गेलं की नेमकी एक म्हैस मध्ये यायची. मी बाजूला सरकायचो, तीही सरकायची. शेवटी वैतागून जसे जमतील तसे तीसेक फोटो मारले आणि घरी आलो.

रात्री बघितलं तर म्हैस नसलेले सगळे फोटो पर्यटन खात्याच्या कॅलेंडरसारखे. आणि एका फोटोत खालचा दोन तृतीयांश भाग नुसता काळा, म्हशीची पाठ, एखाद्या डोंगरासारखी. त्या पाठीवरून मालकाचं कपाळ, दोन डोळे आणि पेला धरलेला हात एवढंच दिसत होतं. तो एकच फोटो मी ठेवला.

या लेखात जे सांगायचं आहे ते त्या म्हशीनंच शिकवलं. आपल्या पेठांच्या गल्ल्यांत मोकळी जागा मिळत नाही. मागं सरकलं की पाठ भिंतीला लागते, पुढं बघावं तर कुणीतरी सायकल आडवी लावलेली. अशा गावात स्वच्छ, मोकळ्या, एक तृतीयांशाच्या नियमात बसणाऱ्या चौकटीची वाट बघणं म्हणजे महाद्वार रोडवर पार्किंगची वाट बघणं. मध्ये जे येतं त्याच्यासकट चौकट बांधायला शिकलं पाहिजे. एक तृतीयांशाचा नियम, म्हणजे चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडून विषय त्या रेघांवर ठेवणं, वाईट नाही. तो आधी महिनाभर गिरवा, हातात बसू द्या, आणि मग पुढचं वाचा.

आधी हत्यार

यावर फार वेळ घालवू नका. बाबूराव पेंटर मूळचे चित्रकार. त्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी याच गावात चित्रपटाचा कॅमेरा घडवला आणि त्याची आठवण म्हणून खरी कॉर्नरला आज कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. आपण खिशात तीन लेन्सचा फोन घेऊन त्याखालून जातो आणि वर 'गिअर नाही', म्हणजे भारी कॅमेरा-लेन्स नाही, म्हणून रडतो.

फोन असेल तर मुख्य लेन्स, म्हणजे १एक्स, एवढीच वापरा. ती साधारण २४ ते २६ मिमीच्या लेन्सच्या बरोबरीची असते (आकडा जितका लहान, तितकं रुंद दिसतं). कॅमेरा असेल तर २८ किंवा ३५ मिमी. महिनाभर झूमला हात लावायचा नाही. झूम केलं की समोरचा अडथळा चौकटीबाहेर जातो, आणि आपल्याला तर तोच हवा आहे.

फोनवर पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. जवळची वस्तू कुठं धूसर करायची हे तो स्वतःच ठरवतो आणि तारा, दोऱ्या, केस यांच्या कडा हमखास कुरतडतो. फोकस हवा तिथं बोट दाबून धरून तो कुलूपबंद करा. फोटोसाठी स्क्रीनवर टिचकी मारण्यापेक्षा आवाजाचं बटण वापरा, हात कमी हलतो.

कॅमेरावाल्यांनी ऑटोफोकस बंद करून अंतर आधीच ठरवून ठेवावं. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स, अपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८ आणि फोकस ३ मीटरवर ठेवला, तर साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. २८ मिमी लेन्स एफ ८ वर २.५ मीटरला लावली तर हाच पट्टा १.४ पासून १० मीटरपर्यंत जातो. आपल्या गल्लीची रुंदी बहुतेक यातच संपते. चालत्या माणसांसाठी शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको. संध्याकाळी गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) ३२०० वर गेला तरी बिनधास्त जाऊ द्या. फोटो दाणेदार आला म्हणून कुणी दारातून परत पाठवत नाही.

पहिली पायरी: कडेनं बघा

निवृत्ती चौकातल्या पुतळ्याला आपण 'अर्धा शिवाजी' म्हणतो. रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही तेच. पुतळा अर्धाकृती आहे म्हणून महाराज अर्धे वाटतात, असं कुणी म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. खांद्याच्या खालचं सगळं, घोड्यासकट, आपण मनात पूर्ण करून घेतो. चौकटीच्या कडेचं कामही हेच आहे.

म्हणून पहिला सराव तिथंच करा. चौकाच्या कोपऱ्यावर, कुणाच्या वाटेत येणार नाही असं उभं राहा आणि अर्ध्या तासात चाळीस फोटो काढा. अट एकच, एकाही फोटोत एकही माणूस अख्खा यायचा नाही. पहिले दहा फोटो काढताना हात थरथरतात, कारण माणूस मधोमध घ्यायची सवय हाडात मुरलेली असते. विसाव्या फोटोच्या सुमारास डोळा विषय सोडून कडांकडे वळतो. आपल्याला तेवढंच हवं आहे.

कुठं कापायचं यालाही हिशोब आहे. सांध्यावर कापू नका. घोट्यावर, मनगटावर, गुडघ्यावर, नाहीतर बोटांच्या टोकांवर कड आली की ती चूक वाटते, माणूस तुटल्यासारखा दिसतो. मांडीच्या मध्यावर, दंडाच्या मध्यावर, पोटरीवर कापलं की ठरवून कापल्यासारखं दिसतं. चेहरा कापायचा तर एक डोळा पूर्ण ठेवा, नाहीतर दोन्ही सोडा. दीड डोळा कधीच ठेवू नका. आणि कापायचं तर ढळढळीत कापा. कानाची पाळी तेवढी चौकटीबाहेर गेलेला फोटो बघणाऱ्याला नुसता चुकलेला वाटतो.

याच सरावाला जोडून दुसरं एक करून बघा. माणूस एका कोपऱ्यात ठेवायचा आणि तो चौकटीच्या बाहेर बघत असला पाहिजे. बाकी सगळी जागा रिकामी. माणसाच्या नजरेसमोर जागा सोडावी असं पुस्तकं सांगतात. आपण ती पाठीमागं सोडायची. रंकाळ्यावर सकाळी, पाण्यावर धुकं असताना, संध्यामठाच्या बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे असे फोटो फार चांगले येतात. ते काय बघताहेत ते फोटोत नसतं, पण फोटो बघणाऱ्याची मान आपोआप तिकडं वळते.

दुसरी पायरी: आडोसा आधी, माणूस मागून

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे, तुम्हीही घालवा.

आपण नेहमी काय करतो? आधी एखादा चेहरा आवडतो, मग त्याच्याभोवती चौकट शोधतो, आणि मध्ये काही आलं की चिडतो. हा क्रम उलटा करा. महाद्वार रोडला जा. ओटीचं सामान, खणाचे ढीग, टांगलेले हार, छत्र्या, चपलांच्या जोड्यांच्या माळा, निम्मं दुकान रस्त्यावर आलेलं. त्यातला एकच आडोसा निवडा. समजा टांगलेल्या चपलांची रांग. तिच्यापासून हातभर अंतरावर उभं राहा. जवळ गेल्यावर चपला चौकटीत मोठ्या होतात आणि त्यांच्या मध्ये फटी दिसू लागतात. फोकस चपलांवर ठेवू नका, पलीकडच्या रस्त्यावर तीनेक मीटरवर ठेवा. आता एकच फट निवडा, तळहाताएवढी. आणि थांबा. त्या फटीत कुणीतरी येईल. चेहरा येईल, नाहीतर नुसता पदर, नाहीतर दुधाच्या किटलीचा दांडा. फट भरली की खटका.

इथं लोक दोन चुका करतात. पहिली म्हणजे आडोशापासून लांब उभं राहणं. मग आडोसा चौकटीत किरकोळ कचऱ्यासारखा दिसतो. आडोसा घ्यायचाच तर चौकटीचा निदान तिसरा हिस्सा त्याला द्या, अर्धी दिली तरी चालेल. दुसरी चूक म्हणजे फट चौकटीच्या मधोमध ठेवणं. ते दारातून डोकावल्यासारखं होतं, लग्नाच्या अल्बममध्ये असतं तसं. फट कडेला न्या.

सॉल लीटर या अमेरिकी छायाचित्रकाराचा १९५७ च्या सुमाराचा एक फोटो आहे, फळ्यांच्या फटीतून घेतलेला. बहुतेक चौकट काळी, न्यूयॉर्कचा रस्ता दिसतो तो एका अरुंद पट्टीत. ओल्या काचेतून, वाफेतून, छत्रीच्या आडून त्यानं वर्षानुवर्षं असेच फोटो काढले. तो चित्रकारही होता, आणि फोटोचा निम्मा भाग नुसत्या काळ्या रंगानं भरायला चित्रकाराला भीती वाटत नाही. आपल्याकडं तर काळ्या रंगाची चैनच आहे. गंगावेशीत म्हशी असतात, आणि ज्या बोळात तुम्ही उभे आहात तोही बहुतेक अंधाराच असतो.

आता रिक्षा. छायाचित्रकार रघुबीर सिंग (१९४२ ते १९९९) यांनी ॲम्बॅसॅडर गाडीतून भारत टिपला. गाडीची दारं, काचा, आरसे यांनीच चौकटीचे तुकडे पाडले, एकाच फोटोत चार चार फोटो बसवले. त्या फोटोंचं पुस्तक त्यांच्या निधनानंतर २००२ मध्ये आलं. आपल्याकडं ॲम्बॅसॅडर उरली नाही, पण रिक्षा आहे, आणि ती त्याहून सोयीची, कारण तिला दारंच नाहीत. स्टेशनवरून रंकाळ्याला जाणारी रिक्षा करा आणि मागच्या सीटवर मधोमध बसा. पुढं ड्रायव्हरची मान आणि टोपी, वर आरशात त्याचे डोळे, दोन्ही बाजूंना रस्त्याचे दोन उभे तुकडे. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, बाहेरच्या उजेडाला लावा, म्हणजे रिक्षाच्या आतला भाग काळा पडून आपोआप चौकट होईल. सिग्नलला थांबल्यावरच खटका दाबा, चालत्या रिक्षात आपला रस्ता तुम्हाला आणि कॅमेऱ्याला दोघांनाही हलवतो. आणि ड्रायव्हरला आधी सांगा. मी एकदा न सांगता काढला, तेव्हा आरशातले डोळे फोटोत छान आले, पण रागावलेले. उतरताना त्यांनी सुट्टे पैसेही दिले नाहीत.

तिसरी पायरी: आरसा, काच आणि डबकं

गुजरीत आरशांना तोटा नाही. दुकानात साज बघायला आलेली बाई, तिच्या हातातला आरसा, काचेच्या शोकेसमध्ये उमटलेला रस्ता, आणि काचेपलीकडं दुकानदार. चार थर एका ठिकाणी. काचेत स्वतःची आकृती येणारच. ती टाळायला लोक वाकडेतिकडे होतात. ली फ्रीडलँडर या छायाचित्रकारानं १९६० च्या दशकात उलटं केलं. स्वतःची सावली आणि काचेतलं प्रतिबिंब त्यानं मुद्दाम फोटोत ठेवलं, कधी कधी दुसऱ्याच्या पाठीवर स्वतःच्या डोक्याची सावली पाडून. तुमची सावली फोटोत आली तर तिला काम द्या. उजेडाच्या बाजूला तुम्ही उभे असलात तर काचेत नुसता रस्ताच उमटतो. त्यावर तुमची गडद सावली पडली की तेवढ्या भागात दुकानाच्या आतलं दिसू लागतं. म्हणजे तुमचं शरीरच खिडकी होतं. हे एकदा समजलं की शोकेससमोरून हलवत नाही.

पावसाळ्यात डबकी. फोन उलटा धरा, लेन्स खाली येईल असा, आणि पाण्याच्या अगदी जवळ न्या, बोटभर अंतरावर. उभं राहून घेतलेल्या फोटोत डबकं डबक्यासारखंच दिसतं. खाली नेलं की तेच तळ्याएवढं होतं आणि भवानी मंडपाची कमान अख्खी त्यात उतरते. घरी येऊन फोटो उलटा फिरवायचा मोह आवरा. तो प्रकार आता सगळ्यांनी बघितलेला आहे. त्यापेक्षा डबक्यात पडणारं पाऊल टिपा, प्रतिबिंब फुटतानाचं.

चौथी पायरी: उजेडाचं पंचांग

अंबाबाईच्या किरणोत्सवाबद्दल वेगळं सांगायला नको. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, आणि ९, १०, ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, पहिल्या दिवशी चरणांपर्यंत आणि मग रोज थोडी वर. मंदिराच्या आत कॅमेरा काढायचा नाही, तो विषयच नाही. पण फोटोवाल्यानं या तारखांवरून एक गणित शिकण्यासारखं आहे.

२१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेला सगळ्यात लांब जातो आणि परत फिरतो. १० नोव्हेंबर त्याच्या साधारण ४१ दिवस आधी, १ फेब्रुवारी ४२ दिवसांनी नंतर. म्हणून दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर एकाच जागी मावळतो, ठीक पश्चिमेच्या साधारण १८ अंश दक्षिणेला. हे गणित देवळापुरतं नाही. तुमच्या पेठेतल्या प्रत्येक बोळाचा असाच स्वतःचा किरणोत्सव असतो. ज्या दिवशी संध्याकाळी उजेड बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ लोळत जातो ती तारीख लिहून ठेवा. २१ डिसेंबरपासून तेवढेच दिवस दुसऱ्या बाजूला मोजा, तोच उजेड पुन्हा मिळेल. उन्हाळ्याकडच्या बोळांना २१ जून धरून मोजायचं. फक्त त्यांची एक तारीख बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये पडते, आणि कोल्हापुरात त्या दिवसांत सूर्य मावळतो हेही अंदाजानंच समजायचं.

तो दिवस साधला की काय करायचं? सूर्याकडं तोंड करून उभं राहा. एक्स्पोजर दीड ते दोन स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). फोनवर स्क्रीनला स्पर्श केला की सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली ओढा. माणसं काळ्या आकृती होतील, आणि आपण आतापर्यंत केलेले सगळे उद्योग, कापणं, आडोसा, फटी, सोपे होतील, कारण आता सगळंच काळं किंवा पांढरं. सावल्या लांब पडतात तेव्हा माणूस चौकटीबाहेर ठेवा आणि नुसती सावली आत घ्या. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईची सावली बाईपेक्षा तिप्पट लांब असते आणि तिच्या चालण्यात दुप्पट ऐट दिसते.

कपिलतीर्थ मार्केटमध्ये छताच्या आणि ताडपत्र्यांच्या फटींतून येणारे उजेडाचे कवडसे वेगळ्या कामाचे आहेत. तिथं एक्स्पोजर कवडशाला लावा, बाकी बाजार अंधारात बुडू दे, आणि कवडशात कुणाचा हात येतो त्याची वाट बघा. भाजी घेणारा हात आला तर चांगलाच. पैसे मोजणारा आला तर त्याहून बरा.

तिरकी चौकट, जपून

चौकट तिरकी धरणं हे सगळ्यात स्वस्त औषध आहे, म्हणून सगळ्यात जास्त वाया जातं. अमेरिकी छायाचित्रकार गॅरी विनोग्रँडचे फोटो तिरके असतात. नीट बघितलं तर बऱ्याच फोटोंत एखादा खांब किंवा भिंतीची कड चौकटीशी समांतर सापडते आणि बाकी जग तिच्याभोवती कललेलं. तसंच करा. कॅमेरा तिरका केल्यावर चौकटीतली एक तरी रेघ सरळ उभी राहिली पाहिजे. पेठांच्या फुटबॉल संघांतला कुठलाही सामना जिंकल्यावर शाहू स्टेडियमबाहेर जी मिरवणूक निघते, झेंडे आणि गुलाल, तिथं झेंड्याची काठी सरळ ठेवून माणसं तिरकी घ्या. अख्खी गल्ली उतारावरून घसरत आल्यासारखी दिसेल. काहीच घडत नसेल तर कॅमेरा सरळ धरा. नुसत्या बसलेल्या माणसाला तिरकं केलं की तो घसरून पडेल असं वाटतं, बाकी काही नाही.

हलू द्या

छायाचित्रकार रघु राय यांचा मुंबईच्या चर्चगेट स्थानकाचा १९९५ चा फोटो आठवा. फलाटावरची गर्दी धूर झालेली आणि मध्येच पेपर वाचणारी माणसं स्थिर. धूर सगळ्यांनाच जमतो. अवघड काम आहे ते स्थिर माणूस शोधणं.

पापाच्या तिकटीला संध्याकाळी उभं राहा. भिंतीला नाहीतर विजेच्या खांबाला कॅमेरा टेकवा आणि शटर १/४ सेकंदावर आणा. अजून उजेड फार असेल तर आयएसओ सगळ्यात कमी आणि अपर्चर एफ १६. आता गर्दीत न हलणारा माणूस शोधा. फुगेवाला, वाहतूक पोलीस, दुकानाच्या पायरीवर कंटाळलेला नवरा. नवरे सगळ्यात भरवशाचे, बायका खरेदी करेपर्यंत ते हलत नाहीत. फोनवर प्रो मोडमध्ये शटर हळू करता येतं. ज्या फोनमध्ये लाइव्ह फोटोला लाँग एक्स्पोजर करण्याची सोय आहे तिथं नंतरही करता येतं.

केएमटीची बस किंवा मोटरसायकल चालत्या कॅमेऱ्यानं पकडायची तर १/१५ ते १/३० ठेवा आणि कमरेतून वळा, मनगटातून नको. दहातले नऊ फोटो वाया जातील असं धरून चला.

दाणेदार, धूसर, काळेकुट्ट फोटो ही जपानचे छायाचित्रकार दायदो मोरियामा यांची वाट. तिच्या प्रेमात पडून कॉन्ट्रास्ट ताणून सगळं काळं करायची लाट आपल्याकडंही येऊन गेली. मी त्यात दोन वर्षं घालवली आणि ते सगळे फोटो आता एकमेकांसारखे दिसतात. माझं मत म्हणून सांगतो, कोल्हापूर रंगात काढा. गुलाल काळापांढरा केला की राख होतो.

कंबरेखालचं गाव

हे थोडक्यात. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा आणि डोळा लावू नका. फोनवाल्यांनी फोन उलटा धरून चालत राहावं. मंदिराबाहेरच्या चपला स्टँडवर चपलांच्या रांगा, त्यातून हात घालून आपली जोडी शोधणारी माणसं, नवी करकर वाजणारी चप्पल घालून अवघडून चालणारा पाहुणा. चेहरा नसला तरी माणूस ओळखू येतो. गावाकडचा, शहरातला, पहिल्यांदा आलेला, रोजचा. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या आधीच्या महिन्यात हेच उलट्या बाजूनं करा. मूर्तींच्या पायांशी बसून वर बघा. अर्धवट रंगवलेल्या सोंडांच्या गर्दीत मध्येच एक घामेजलेला जिवंत चेहरा दिसला की दाबा. मूर्तींना धक्का लागणार नाही एवढं बघा, कच्च्या शाडूला सॉरी म्हणून भागत नाही.

लोकांशी

वेगळी चौकट घ्यायला जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की लोक विचारतात. "काय काढालैस रं?" हा प्रश्न भांडणाचा नसतो, चौकशीचा असतो. सरळ उत्तर द्या. "मावशी, तुमच्या हारांतनं रस्ता कसा दिसतो ते बघालोय." आणि लगेच फोटो दाखवा. निम्म्या वेळा मावशीच सांगते की तिकडनं काढ, उजेड चांगला हाय, आणि बहुतेक वेळा तिचं खरं असतं. 'नको' म्हणालं कुणी तर त्यांच्यासमोर पुसा. फोनमधल्या पुसलेल्या फोटोंच्या फोल्डरमधूनही पुसा आणि तेही दाखवा.

लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नकोत. पंचगंगेच्या घाटावर कपडे धुणाऱ्या, अंघोळ करणाऱ्या माणसांवर कॅमेरा रोखू नका. बिंदू चौकात उभं राहिलात तर सबजेलच्या दाराकडं पाठ ठेवा. तालमीत शिरायचं तर आधी वस्तादांना विचारा, आणि पायताण बाहेर.

आणि पूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका, हे आकडे आपल्याला पाढ्यांसारखे पाठ आहेत. पाण्यानं रस्त्याचे आरसे होतात, निम्म्या बुडालेल्या पाट्या, अर्धी घरं, या लेखात सांगितलेलं सगळं एकाच जागी मिळतं. २०१९ ला मीही कॅमेरा घेऊन बाहेर पडलो होतो. एका दारात भिजलेल्या गाद्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्या फटीतून एक आजी दिसत होत्या, फोकस बरोबर, उजेड बरोबर. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कॅमेरा पिशवीत टाकला आणि गादीचं दुसरं टोक धरलं. तुम्ही काय करावं ते मी सांगत नाही.

निवड

घरी आल्यावर त्याच रात्री निवडू नका. आठवडाभर थांबा. फोटो काढताना झालेला आनंद फोटोत दिसत नसतो, पण पहिल्या रात्री तो दिसतो असं वाटतं.

मग असं करा. शंभरातले वीस काढा, अंगठ्याएवढ्या आकारात बघून. एवढ्या लहान आकारात ज्याची मांडणी कळत नाही तो मोठा करूनही कळत नाही. त्या वीसना उलटं करून बघा. उलट्या फोटोत माणसं, दुकानं, पाट्या यांची नावं मनात येत नाहीत, नुसते आकार आणि वजनं दिसतात. एका बाजूला सगळं वजन पडत असेल तर तिथंच कळतं.

शेवटी आडोशाची परीक्षा. मध्ये आलेली वस्तू अंगठ्यानं झाका. फोटो सुधारला तर ती वस्तू नुसती अडगळ होती, फोटो बाद. फोटो मिळमिळीत झाला तर वस्तूनं काम केलंय, फोटो ठेवा. या परीक्षेत माझे दहातले आठ बाद होतात आणि त्याचं वाईट वाटणं आता बंद झालंय.

नंतर कापावं की नाही यावर लोक भांडतात. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ कापण्याच्या विरुद्ध होता. पण पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागं पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा १९३२ चा प्रसिद्ध फोटो कुंपणाच्या फटीतून घेतलेला आणि नंतर कापलेला आहे. लेन्स फटीत पूर्ण बसत नव्हती, म्हणून कडेला कुंपण आलं होतं. मी थोडं कापतो, कडेवरचा एखादा प्लास्टिकचा डबा जाण्यापुरतं. निम्मा फोटो कापावा लागत असेल तर उद्या परत जायचं. गाव कुठं पळून जातंय.

जे दोन-तीन उरतील ते छापा. चार बाय सहाची प्रिंट पुरे. आणि ज्यांचा फोटो आहे त्यांना एक द्या.

मी दूध कट्ट्यावरच्या त्या मालकांना प्रिंट नेऊन दिली. त्यांनी दिव्याखाली धरून बराच वेळ बघितली, स्वतःच्या डोळ्यांवरून बोट फिरवलं, मग खालच्या काळ्या पाठीवरून फिरवलं.

"म्हस झ्याक आलीया," ते म्हणाले. "पण ही आमची न्हवं. शेजारच्यांची हाय."